तारापूरचं डिझेल

आमच्या सानगडीत अणुऊर्जेवर बोलायला लागलं की लोक हसतात. साकोली तालुक्यातलं गाव, टेकडीवर पडका किल्ला, आजूबाजूला धानाच्या बांध्या. इथून तारापूर म्हणजे महाराष्ट्राचं दुसरं टोक. पण आज मला युरेनियमबद्दल बोलायचंच नाही. डिझेलबद्दल बोलायचं आहे, आणि डिझेलबद्दल आमच्या गावातल्या कुठल्याही साठीच्या माणसाला थोडंफार कळतं.

माझ्या मोठेबाबांकडे विहिरीवर डिझेल इंजिन होतं. लाइटचा भरवसा नव्हता, म्हणून मोटर असूनही त्यांनी इंजिन विकलं नाही. सपरीत एक ड्रम असायचा. पाऊस चांगला पडत असला, इंजिनाची काही गरज नसली, तरी आठवड्यातून एकदा ते ते चालू करून बघायचे. एका वर्षी धान ऐन गर्भात असताना पाऊस गेला, लाइट गेली, आणि ड्रम भरलेला असूनही इंजिन दोन मिनिटांत बंद पडलं. ड्रमच्या तळाला पाणी साचलेलं. तेव्हापासून त्यांचं एक वाक्य ठरलेलं, "डरम भरला आहे म्हनून झोपू नोको बाबू, त्यात पानी किती आहे ते पाय."

हे मला आठवलं ते अमेरिकेच्या अणुनियामकाचे नियम वाचताना. तिथल्या अणुवीज केंद्रांना दर 31 दिवसांनी डिझेलच्या टाकीत तळाला पाणी साचलंय का ते तपासून काढावं लागतं. नवीन डिझेल टाकीत ओतण्याआधी त्याचा नमुना तपासावा लागतो. पाण्यात आणि डिझेलच्या सीमेवर जिवाणू वाढतात, चिकट गाळ होतो, फिल्टर तुंबतात. म्हणजे मोठेबाबांचा ड्रमच, फक्त हजारपट मोठा.

आता मूळ प्रश्न. जे केंद्र स्वतःच शेकडो मेगावॅट वीज तयार करतं, त्याला डिझेल कशाला?

कोळशाचं केंद्र बंद केलं की भट्टी हळूहळू विझते. कोराडीला किंवा आपल्या शेजारच्या तिरोड्याला बॉयलरखालचा जाळ काढला की काम संपलं. अणुभट्टीत तसं नाही. साखळी क्रिया काही सेकंदांत थांबवता येते, पण इंधनात तयार झालेली किरणोत्सारी मूलद्रव्यं उष्णता सोडतच राहतात. बंद केल्या क्षणी ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते, तासाभराने साधारण दीड टक्का, दिवसाने अर्ध्या टक्क्याच्या आसपास. ऐकायला किरकोळ वाटतं. तारापूरचा जुना एक संच 160 मेगावॅट विजेचा, म्हणजे उष्णता त्याच्या तिपटीहून जास्त, 500 मेगावॅटच्या वर. त्याचे सहा टक्के म्हणजे 30 मेगावॅट. आठवडा उलटल्यावरही दीड मेगावॅटच्या आसपास उरतं. आपल्या भाषेत सांगायचं तर पाच एचपीच्या 400 पंपांइतकी ताकद, रात्रंदिवस, उष्णतेच्या रूपात. ती पाण्याने काढून न्यावी लागते, पाण्याला बहुतेक ठिकाणी पंप लागतो आणि पंपाला वीज. केंद्र बंद असताना ही वीज बाहेरच्या ग्रिडमधून येते. ग्रिडही गेलं तर डिझेल जनरेटर.

म्हणजे अणुवीज केंद्राची शेवटची राखण डिझेल करतं. याचा इतिहास मात्र कुणी नीट सांगत नाही.

तारापूरच्या इंधनाचा इतिहास म्हटलं की सगळे युरेनियमवर जातात. त्यात नाट्य आहे, मान्य. 1963 चा अमेरिकेशी करार, जनरल इलेक्ट्रिकच्या दोन उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्या, 28 ऑक्टोबर 1969 पासून व्यावसायिक वीज. मग 1974 ची पोखरण चाचणी, अमेरिकेची टाळाटाळ, पुढे फ्रान्स, चीन, रशिया असा इंधनाचा प्रवास. वर्तमानपत्रांनी यावर रकानेच्या रकाने लिहिले. पण त्याच आवारात डिझेलच्या टाक्याही होत्या. युरेनियम आलं नसतं तर संच नुसते बंद राहिले असते. ग्रिड गेलेल्या रात्री डिझेल नसतं तर काय झालं असतं, हा प्रश्न रकान्यांत आला नाही.

आणि एक गंमत. तारापूर बांधलं तेव्हा डिझेल किती दिवसांचं साठवायचं याची आज सांगितली जाणारी अमेरिकन मार्गदर्शिका लिहिलेलीच नव्हती. ती आली 1970 च्या दशकाच्या शेवटी. तिने आकडा ठरवला सात दिवस. अपघात झालाय, बाहेरची वीज नाही, जनरेटर लागेल तेवढा भार ओढतोय, अशा अवस्थेत सात दिवस पुरेल इतकं डिझेल आवारात हवं. साठा सात दिवसांच्या खाली पण सहाच्या वर असेल तर 48 तासांत भरून काढायचा. त्याहून खाली गेला तर तो जनरेटर चालू स्थितीत नाही असंच धरायचं, मग तो कितीही चकचकीत असो.

सातच का? कारण सरळ आहे. तेवढ्या दिवसांत अणुभट्टी सुरक्षित थंड अवस्थेत नेता येईल आणि बाहेरून नवा टँकर आणता येईल, असं गृहीत धरलं. आकडा अभियंत्यांचा, पण त्याच्या पोटात रस्त्याबद्दलचा एक अंदाज दडलेला आहे. सात दिवसांत रस्ता खुला होईल, हा तो अंदाज.

साठा किती होतो बघा. डिझेल जनरेटर एका युनिटला साधारण पाव लिटर पितो. एक मेगावॅटचा जनरेटर पूर्ण भारावर चालला तर ताशी 250 लिटर, दिवसाला 6,000, आठवड्याला 42,000 लिटर. मोठ्या अणुभट्ट्यांना चार-पाच मेगावॅटचे जनरेटर असतात, एकाला दुसरा पर्याय म्हणून निदान दोन. चार मेगावॅटचा एक जनरेटर आठवड्यात पावणेदोन लाख लिटरच्या जवळ जातो. वीस हजार लिटरचे आठ-नऊ टँकर, एका जनरेटरला. हे डिझेल जमिनीत पुरलेल्या मोठ्या टाक्यांत असतं, तिथून छोट्या पंपाने जनरेटरजवळच्या रोजच्या टाकीत चढतं. तो छोटा पंप चालायलाही वीज लागते. साखळी कुठे कुठे तुटू शकते हे इथेच लक्षात येतं.

आणि जनरेटर चालू व्हायलाही वेळ लागतो. अमेरिकन नियमात साधारण दहा सेकंद. चेर्नोबिलला पूर्ण भार उचलायला एक मिनिट किंवा त्याहून जास्त लागायचं. 26 एप्रिल 1986 च्या पहाटे तिथे जी चाचणी चालली होती ती याच मिनिटासाठी. वीज गेली आणि डिझेल अजून तयार नाही, तर मधल्या वेळात नुसत्या गतीने फिरत राहिलेल्या टर्बाइनची वीज पंपांना पुरेल का, हे बघायचं होतं. स्फोटाची कारणं वेगळी होती, अणुभट्टीच्या रचनेतली आणि चालवण्याच्या पद्धतीतली. पण ती माणसं त्या रात्री तिथे का जागी होती, याचं उत्तर डिझेल जनरेटरच्या एका मिनिटात आहे.

अमेरिकेतलीही एक गोष्ट सांगतो, कारण ती मला कल्पित वाटावी इतकी चपखल वाटते. 20 मार्च 1990, जॉर्जिया राज्यातलं व्होगल केंद्र. स्विचयार्डात इंधन आणि वंगण घेऊन आलेला एक ट्रक मागे घेताना खांबाला धडकला आणि बाहेरची वीज गेली. एक डिझेल जनरेटर दुरुस्तीसाठी खोललेला होता. दुसरा चालू झाला, बंद पडला, पुन्हा चालू झाला, पुन्हा बंद. 36 मिनिटं तो संच महत्त्वाच्या विजेविना होता. इंधनाच्या ट्रकनेच वीज घालवली. टाकीत डिझेल होतं, उपयोग शून्य.

आता आपल्याकडे येऊ. भारतात यातली सगळ्यात वाईट रात्र महाराष्ट्रात नाही, उत्तर प्रदेशात आली. नरोरा, बुलंदशहर जिल्हा, गंगेच्या काठी. 31 मार्च 1993, पहाटे साडेतीनच्या सुमारास पहिल्या संचाच्या टर्बाइनची पाती तुटली. प्रचंड थरथराट झाला, जनरेटर थंड ठेवणारा हायड्रोजन बाहेर पडून पेटला, तेल पेटलं. आग केबलच्या मार्गाने पसरली. मुख्य पुरवठ्याच्या आणि राखीव पुरवठ्याच्या केबल पुरेशा वेगळ्या केलेल्या नव्हत्या, म्हणून दोन्ही जळाल्या. जनरेटर होते, डिझेल होतं, पण वीज पोचायला वाटच उरली नाही. धूर नियंत्रण कक्षात शिरला आणि कर्मचाऱ्यांना तिथून बाहेर पडावं लागलं. सुमारे 17 तास तो संच पूर्ण अंधारात होता.

अणुभट्टी पहिल्या क्षणीच बंद केली होती. पण ती बंदच राहील याची खात्री हवी, म्हणून काही जण बॅटऱ्यांच्या उजेडात वर चढले आणि हाताने व्हॉल्व्ह उघडून बोरॉनचं द्रावण आत सोडलं. मग उरली ती उष्णता. ती कशाने काढली? आग विझवायच्या पंपांनी. हे पंप डिझेल इंजिनावर थेट चालणारे होते. ना केबल, ना स्विचबोर्ड, ना जनरेटर. डिझेल जळतंय, इंजिन फिरतंय, पाणी चढतंय. ते पाणी वाफ तयार करणाऱ्या पात्रांत सोडलं आणि अणुभट्टी थंड राहिली. किरणोत्सार बाहेर पडला नाही. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर या घटनेला तिसरी पातळी मिळाली.

मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा आठवलं ते विहिरीवरचं इंजिन. पट्टा, पंप, पाणी. दिल्लीपासून काही तासांवरची अणुभट्टी शेवटी त्याच तत्त्वावर वाचली. "राखीव साठा किती" या प्रश्नाच्या आधी "तो साठा कामाच्या जागी पोचतो कसा" हा प्रश्न येतो, हे नरोराने 1993 मध्येच शिकवलं होतं. आपल्या शाळेच्या पुस्तकात चेर्नोबिल असतं, नरोरा नसतं. का, ते मला माहीत नाही, पण वाईट वाटतं. त्या रात्री वर चढलेल्या माणसांची नावं आपल्या पोरांना माहीत असायला हरकत नव्हती.

मग फुकुशिमा. 11 मार्च 2011, दुपारी 2:46 ला भूकंप. बाहेरच्या वीजवाहिन्या गेल्या. जनरेटर ठरल्याप्रमाणे चालू झाले. म्हणजे इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे. पाऊण तासाने त्सुनामी आली, 14-15 मीटरची. सहा संचांचे मिळून 13 जनरेटर होते, त्यातला एकच उरला. सहाव्या संचाचा, हवेने थंड होणारा, उंचावर ठेवलेला. त्या एकट्याने पाचवा आणि सहावा असे दोन संच वाचवले. बाकीचे बरेचसे तळघरात होते. समुद्राकाठच्या इंधनाच्या मोठ्या टाक्या लाटेने उचलून नेल्या. साठा किती दिवसांचा होता याला मग अर्थ राहिला नाही. टाकीच जाग्यावर नव्हती.

पुढचे चार दिवस वाचताना माणूस गावातल्या लग्नाची आठवण काढतो, इतकी ती धावपळ ओळखीची आहे. जनरेटरच्या गाड्या बोलावल्या, त्या रस्त्यातल्या गर्दीत अडकल्या. टाकलेल्या केबल पहिल्या संचाच्या स्फोटात खराब झाल्या. मीटर वाचायला बॅटरी नाही म्हणून कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या मोटारींच्या बॅटऱ्या काढून जोडल्या. आणि 14 मार्चच्या संध्याकाळी, दुसऱ्या संचात समुद्राचं पाणी सोडायला लावलेली अग्निशमन गाडी बंद पडलेली आढळली. कारण? इंधन संपलं होतं. सगळं जग दूरदर्शनवर बघत होतं, आणि पंपाच्या टाकीत इंधन नव्हतं.

फुकुशिमाच्या पहिल्या संचाला विजेशिवाय उष्णता काढणारी एक जुनी यंत्रणा होती. तारापूरच्या जुन्या दोन संचांनाही त्याच तत्त्वावरची आहे. वाफ वरच्या टाकीत जाऊन थंड होते आणि पाणी होऊन खाली येते, पंप नको. ही तारापूरची मोठी जमेची बाजू, आणि अधिकारी ती अभिमानाने सांगतात, ते बरोबरच आहे. पण फुकुशिमात बॅटऱ्या बुडाल्या, आणि त्या यंत्रणेचे व्हॉल्व्ह उघडे आहेत की बंद हे अंधारात कळेनासं झालं. वीज न लागणाऱ्या यंत्रालाही ते चालू आहे की नाही हे सांगायला थोडी वीज लागते.

तारापूरच्या बाबतीत न्याय करायला हवा. फुकुशिमाच्या आधीच, 2005-06 च्या मोठ्या दुरुस्तीत, तिथे जास्त क्षमतेचे तीन नवे डिझेल जनरेटर बसवले गेले आणि दोन्ही संचांचे राखीव वीजपुरवठे एकमेकांपासून वेगळे केले. आधी बरंच काही सामाईक होतं. नरोराचा धडा तिथे पोचला होता असं म्हणता येईल. 2011 नंतर अणुऊर्जा महामंडळाने आणि अणुऊर्जा नियामक मंडळाने देशातल्या सगळ्या केंद्रांची तपासणी केली. बाहेरून अग्निशमन गाडीने पाणी सोडता यावं म्हणून जोडण्या, उंचावर ठेवलेले हवेने थंड होणारे जनरेटर, फिरते डिझेल पंप, जास्त वेळ टिकणाऱ्या बॅटऱ्या, अशा सूचना निघाल्या. हवेने थंड होणारे का, ते आता सांगायला नको. त्यांना समुद्राच्या पाण्याचा पंप लागत नाही.

तारापूरचे जुने दोन संच 2020 पासून लांबलचक दुरुस्तीसाठी बंद ठेवले गेले. "बंद म्हणजे चिंता नाही" असं मला एकाने ऐकवलं. पण वापरलेलं इंधन पाण्याच्या कुंडात असतं आणि त्या कुंडाचं पाणीही थंड ठेवावं लागतं. उष्णता कमी, वेळ जास्त मिळतो, एवढाच फरक.

आणि सात दिवसांच्या हिशेबाची खरी परीक्षा युक्रेनमध्ये झाली. झापोरिझिया, युरोपातलं सगळ्यात मोठं अणुवीज केंद्र, सहा अणुभट्ट्या, वीस डिझेल जनरेटर, युद्धाच्या रेषेवर. 23 सप्टेंबर 2025 ला त्याची बाहेरची वीज गेली. युद्ध सुरू झाल्यापासून दहाव्यांदा. आधीच्या वेळी तास-दिवसांत परत यायची, या वेळी आली 23 ऑक्टोबरला. एक महिना केंद्र डिझेलवर. जनरेटर आळीपाळीने चालवले, टँकरने साठा भरत राहिले. बरं झालं की सगळ्या अणुभट्ट्या आधीपासून थंड बंद अवस्थेत होत्या, उष्णता कमी उरली होती आणि सगळे जनरेटर एकदम लागत नव्हते. चालू अणुभट्ट्यांवर हीच वेळ आली असती तर डिझेलचा हिशेब कितीतरी पटींनी वाढला असता. कागदावरच्या सात दिवसांत रस्ता खुला होतो. प्रत्यक्षात वीजवाहिनी दुरुस्त करायलाही आधी तोफा थांबवाव्या लागल्या.

"आपल्याकडे कुठे युद्ध आहे?" असं म्हणणारे येतील कमेंटमध्ये. मग ऑगस्ट 2020 आठवा. मध्य प्रदेशात पाऊस पडला, संजय सरोवराचं पाणी सोडलं, वैनगंगेने भंडारा शहर आणि कितीतरी गावं पाण्याखाली घेतली. किती रस्ते बंद होते, किती दिवस, हे इथे वाचणाऱ्या निम्म्या लोकांनी स्वतः बघितलंय. त्या दिवसांत माझ्या एका नातेवाइकाला एका खासगी दवाखान्यात ठेवलं होतं. लाइट गेलेली. जनरेटर होता, मोठा होता, बाहेर पाटीही होती चोवीस तास वीज म्हणून. डिझेल मात्र संध्याकाळपर्यंतचंच. आम्ही तिघे जण कॅन घेऊन पंप शोधत फिरलो. पहिला पंप पाण्यात. दुसऱ्यावर रांग. तिसऱ्यावर, "दवाखान्यासाठी आहे" म्हटल्यावर पुढे उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवाल्याने जागा दिली. वीस लिटर घेऊन परत आलो तेव्हा दवाखान्याचा माणूस आमच्यावरच खेकसला, उशीर झाला म्हणून!

2025 च्या अर्थसंकल्पात 2047 पर्यंत 100 गिगावॅट अणुऊर्जेचं लक्ष्य जाहीर झालं. छोट्या अणुभट्ट्या येतील, खासगी कंपन्या येतील असं बोललं जातंय. मी अणुऊर्जेच्या विरोधात नाही. ज्या जिल्ह्यात लोडशेडिंगमध्ये धान वाळलंय तिथल्या माणसाने विजेला नाही म्हणायचं तरी कशाच्या जोरावर? छोट्या अणुभट्ट्यांचे काही आराखडे असे आहेत की उष्णता पंपाशिवायही निघून जावी. ते खरं ठरलं तर डिझेलची गरज कमी होईल, चांगलंच आहे. पण "कमी" म्हणजे किती, हे छापील कागदावर दाखवा.

आणि तो कागद कोण तपासणार? नियामक मंडळ 1983 मध्ये स्थापन झालं ते सरकारी आदेशाने, संसदेच्या स्वतंत्र कायद्याने नव्हे. 2012 मध्ये कॅगने आपल्या अहवालात त्याच्या स्वायत्ततेवर बोट ठेवलं होतं. स्वतंत्र प्राधिकरणाचं विधेयक 2011 मध्ये संसदेत मांडलं गेलं होतं, ते लोकसभेची मुदत संपली तेव्हा रद्द झालं. ज्याला टाकीच्या तळाचं पाणी तपासायचंय, तो टाकीच्या मालकाच्या पगारावर नको, एवढं तर मोठेबाबाही सांगतील.

उद्या विदर्भात कुठे जनसुनावणी झाली तर मी तिथे जाणार आहे. नोकऱ्या किती, मोबदला किती, हे बाकीचे विचारतीलच. मला चार गोष्टी विचारायच्या आहेत. टाकी किती लिटरची आणि जमिनीपासून किती उंच? वैनगंगेच्या 2020 च्या पाण्याची खूण तिथून किती खाली? टँकर कुठल्या डेपोतून निघणार आणि मध्ये कुठले पूल? आणि तळाचं पाणी शेवटचं कधी काढलं, त्या नोंदवहीचं पान दाखवता का?